अत्तर संपलं की सांग

रविवार, ३ सप्टेंबर २००६

आमच्या सिंगापूरच्या मराठी मंडळाचा आजचा गणपतीचा कार्यक्रम दणक्यात झाला. मी स्वतःच म्हणते, कारण दुसरं कोणी काही म्हणायच्या आत सगळे जेवणावर तुटून पडले. बटाट्याची भाजी कमी पडली, पण ती माझ्याकडे नव्हती, त्यामुळे मला फारसं वाईट वाटलं नाही.

विवेकचं कौतुक करावं तेवढं थोडं. तांजोंग पगारच्या बँकेत एवढ्या मोठ्या पदावर आहे, पण खुर्च्या उचलायला सगळ्यांच्या पुढे. निघताना वाकून नमस्कार. मी घरी आल्यावर यांना म्हटलं, आपल्याला मुलगा असता तर असाच असता. हे म्हणाले, "आपला मुलगा असता तर तुझ्यासारखा बसून हुकूम सोडत असता." पद्माकररावांना एरवी बोलता येत नाही, पण माझ्याविरुद्ध बरोबर सुचतं.

विवेकची बायको मेधा गोड आहे, पण फार अबोल. काही विचारलं की आधी त्याच्याकडे बघते, मग उत्तर देते. मी गमतीनं म्हटलं, "अगं, वडा हवा की नको हेसुद्धा नवऱ्याला विचारून?" सगळे हसले. विवेक सगळ्यांत जास्त हसला. मेधानं वडा घेतलाच नाही.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये पेरू देशातली एक बाई राहायला आली आहे, मारिसोल. नवरा तुआसच्या शिपयार्डात क्रेनचा इंजिनियर. तिलाही घेऊन गेले होते. आरतीला मनापासून टाळ्या वाजवल्या बिचारीनं. परत येताना एलआरटीच्या गाडीत मला म्हणाली, "ती कोपऱ्यातली मुलगी पर्स खाली ठेवत नाही. पूर्ण वेळ मांडीवर धरून बसली होती." मी म्हटलं, हरवेल म्हणून असेल. तिनं मान हलवली. आमचं दोघींचंही इंग्रजी तोडकंमोडकं, त्यामुळे विषय तिथेच संपला.

गुरुवार, २१ सप्टेंबर

मारिसोल दर गुरुवारी खाली व्हॉइड डेकमधल्या, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावरच्या, खोलीत बायकांना जमवते. फिलिपिनो, मलय, इंडोनेशियन, दोन-तीन तमिळ. शिवण, स्वयंपाक, गप्पा. आज मी गेले होते, फक्त पोळ्या शिकवायला. एकीचीही गोल झाली नाही.

पोळ्या खाताना तिनं तिच्या गावची गोष्ट सांगितली. डोंगराच्या पायथ्याची वस्ती, आणि ही तिथल्या बायकांची निवडून आलेली अध्यक्ष. वस्तीत प्रत्येक बाईच्या गळ्यात शिट्टी. नवऱ्यानं हात उचलला की शिट्टी वाजवायची. ज्या बाईला ऐकू येईल तिनं आपली शिट्टी वाजवत घराबाहेर पडायचं. थोड्याच वेळात सगळी गल्ली त्या दारासमोर. आत शिरायचं नाही, मारामारी करायची नाही. फक्त उभं राहायचं.

मी म्हटलं, आमच्या सुशिक्षित मंडळींत असलं काही नसतं. ती म्हणाली, "सेन्योरा, आमच्याकडे पहिली शिट्टी शाळामास्तरांच्या घरातून वाजली होती."

मला सेन्योरा म्हणते, म्हणजे बाईसाहेब. ऐकायला बरं वाटतं.

रविवार, २२ ऑक्टोबर

दिवाळीचा फराळ आमच्याकडे. सुमात्रातल्या जंगलांचा धूर इथे येऊन बसलाय. खिडक्या बंद, पंखे फुल, सगळे घामानं डबडबलेले. मेधा मात्र पूर्ण बाह्यांच्या कुर्त्यात. म्हणाली, धुरानं अंगाला खाज येते.

तिची श्रिया पाच वर्षांची, बोलायला पक्की सिंगापूरची. आईच्या कपाळावर खोक होती, मी विचारलं तर तीच म्हणाली, "आँटी, मम्मी ऑलवेज फॉल डाउन वन!" विवेक हसून म्हणाला, "बघा ना काकू, चालताना लक्षच नसतं हिचं." मी मेधाला म्हटलं, हाडं ठिसूळ झाली असतील, कॅल्शियम कमी असेल, नाचणी खात जा. डबाभर पीठही दिलं.

सगळे गेल्यावर मारिसोल भांडी पुसता पुसता सरळ म्हणाली, "तो तिला मारतो." मी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. आमच्या विवेकबद्दल असं बोलायला ही कोण? दोन महिने झाले येऊन!

बुधवार, २५ ऑक्टोबर

मी तिला नाचणी खा म्हटलं.

मला माझीच लाज वाटते आहे.

रविवार, १२ नोव्हेंबर

मारिसोलशी गोडी केली. पण हा प्रकार तिच्या पद्धतीनं हाताळायचा नाही, आपल्या पद्धतीनं, असं मी ठरवलं. चार माणसांत बोभाटा नको. मुलीची अब्रू आहे, त्याची नोकरी आहे. यांना सांगितलं, तुम्ही वडीलधारे आहात, जरा बाजूला घेऊन समजूत काढा.

हे त्याला खालच्या कोपीटियामला कॉफी प्यायला घेऊन गेले. तिथे विवेकच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. मेधाचं मानसिक दुखणं आहे, उपचार चालू आहेत, ती स्वतःलाच लागेल असं करते, कोणाला सांगू नका काका. हे भारावून परत आले. मलाही सुटल्यासारखं झालं. गोडाचा शिरा केला.

शिरा द्यायला गेले तेव्हा मारिसोलला सगळं सांगितलं. तिनं वाटी तशीच खाली ठेवली. म्हणाली, "म्हणजे आता त्याला कळलं, की आपल्याला कळलंय."

सोमवार, ४ डिसेंबर

तीन आठवडे मेधा कुठेच दिसली नाही. मोबाइल बंद. घरच्या फोनवर केला तर दर वेळी तेच वाक्य, त्याच आवाजात: "सगळं छान आहे काकू."

आज न सांगता तिच्या दारात गेले. लोखंडी ग्रिलला बाहेरून कुलूप. आतून श्रिया आली. "आँटी, कॅनॉट ओपन लाह. डॅडी टेक द की." मी विचारलं, मम्मी कुठे आहे? "मम्मी इनसाइड. डॅडी कॉल, मम्मी मस्ट पिक अप." मागे मेधा उभी होती, अर्धा चेहरा भिंतीआड. मी म्हटलं, "मेधा, पोलिसांना बोलावते." तिनं जोरजोरात मान हलवली. "नको काकू. माझा इथे राहायचा पास त्याच्या नोकरीवर आहे. रद्द केला की मला परत पाठवतील आणि श्रियाला तो ठेवून घेईल. पासपोर्टही त्याच्याकडे आहे. तुम्ही जा. काका त्याच्याशी बोलले त्या दिवशी..."

ते दोन शब्द, 'काका बोलले'. काकांना मीच पाठवलं होतं.

मारिसोलच्या घरी जाऊन रडले. तिनं रडू दिलं, मग तोंड धुवायला लावलं. म्हणाली, "कधी निघायचं ते तीच ठरवणार. ती निघेल तेव्हा बाहेर कोणीतरी उभं असलं पाहिजे, एवढंच आपलं काम. पण आपण उभ्या आहोत हे तिला कळायचं कसं?"

रविवार, ७ जानेवारी २००७

सुचलं! आणि मलाच सुचलं, हे इथे ठळक लिहून ठेवते.

संक्रांत आली. हळदीकुंकू! मी तिला बोलावलं तर तो पाठवणार नाही. पण आपणच दारात गेलो तर? आपल्या घरात वाढलेला कुठलाही पुरुष हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना दारातून परत लावत नाही, आणि त्या आल्या की उठून आत जातो. त्याच्या आईनं तो लहान असल्यापासून त्याला तसं आत पाठवलेलं असतं. आणि फक्त त्याच्याच घरी गेलो तर त्याला संशय येईल, म्हणून सगळ्या मराठी घरी जायचं. घरोघरी, जोडीजोडीनं.

मारिसोलनं माझे दोन्ही गाल धरले आणि स्पॅनिशमध्ये बरंच काही म्हणाली. चांगलंच असावं.

तिनं सरलाला बोलावून घेतलं होतं. सरला तुआसला इंजिनियर आहे, दोन ब्लॉक सोडून राहते, गुरुवारच्या खोलीत नेमानं येते. मी उत्साहानं सगळा बेत सांगितला. ती शांतपणे म्हणाली, "सुनेत्राताई, आम्ही बौद्ध. हळदीकुंकू आमच्याकडे नसतं. म्हणजे आमची घरं तुमच्या सगळ्या घरांत नाहीत." मी म्हटलं, तसं नव्हतं गं मनात. ती पुढे म्हणाली, "बरं, आमचं राहू द्या. जिचा नवरा गेला, तिच्या दारात तुम्ही काय घेऊन जाणार? आणि उद्या मेधानं नवरा सोडला तर पुढच्या वर्षी तिलाच वगळणार?"

हळदीकुंकवाची यादी मी घडी घालून बाजूला ठेवली. माझी यादी मी स्वतः बाजूला ठेवली हे यांना सांगितलं तर ते डॉक्टर बोलावतील.

शेवटी मी विचारलं, "मग काय नेऊ?" सरला म्हणाली, "अत्तर न्या. अत्तराला कोणाचीच हरकत नाही."

इतकी वर्षं जवळ राहते ही बाई, आणि आमच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तिनं. माझ्याकडूनच बोलवायचं राहून गेलं. 'राहून गेलं' असं लिहिलंय खरं, पण बोलावलं नव्हतं, हेच बरोबर.

रविवार, २१ जानेवारी

हळद नाही, कुंकू नाही. अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि मोगऱ्याचे गजरे. संक्रांतीपासून आठवडाभर घरोघर फिरतोय. काही बायकांनी नाकं मुरडली, "सुनेत्रा, हे कसलं अर्धवट हळदीकुंकू?" मी म्हटलं, नवीन पद्धत आहे, सिंगापूरची. पण एक गोष्ट मला आधी कधीच कळली नव्हती. अत्तर लावायला बाई हात पुढे करते. आपण तो हात हातात घेतो. बाही वर सरकते. इतकं जवळून बाई बाईला एरवी बघते कुठे? एका घरी, नाव लिहीत नाही, एका फार मोठ्या घरी, बाईनं हात पुढे केला आणि पटकन मागे घेतला. सरलानं माझ्याकडे बघितलं. मेधा एकटी नाही.

आज मेधाकडे गेलो. मी, सरला आणि मारिसोल. विवेकनं ग्रिल उघडलं, तेच गोड हसू. "काकू, तिला बरं नाही हो." मी म्हटलं, "मग तर अत्तर लावायलाच हवं. विवेक, बायकांचं आहे बाबा, तू जरा आत बस." क्षणभर उभा राहिला. आणि गेला! दार किलकिलं ठेवून, पण गेला.

मेधानं हात पुढे केला. मी बाही सरकवली नाही, आपोआप सरकली. मनगटावर बोटांचे वळ, काही जुने पिवळे, काही ताजे. मी अत्तर लावलं. नीट, पालथ्या हातावर, दोन्ही हातांना. मग आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ही बाटली ठेव तुला. अत्तर संपलं की सांग गं. लगेच घेऊन येते."

सरला तिच्या केसांत गजरा माळताना हळूच म्हणाली, "फोनवर एवढंच म्हण. कोणीही ऐकलं तरी चालेल. आम्ही सगळ्याजणी येऊ. पासची मी चौकशी करून आले आहे, तो सांगतो तसं नाही."

मेधानं आमच्या तिघींकडे बघितलं. मग मोठ्यानं म्हणाली, "हो काकू. संपलं की सांगते."

शनिवार, २७ जानेवारी

फोन नाही. हे म्हणतात, फोनकडे बघून तो वाजत नाही.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

सकाळी आमटीला फोडणी देत होते. फोन वाजला. "काकू, अत्तर संपलं."

गॅस बंद केला एवढं आठवतं. मारिसोलचं दार बडवलं. तिनं पोलिसांना फोन केला, अशा बायकांना मदत करणाऱ्या सेवाकेंद्रातल्या बाईंना फोन केला, सगळं आधी ठरवून ठेवल्यासारखं. ठेवलंच होतं तिनं. सरला तुआसहून टॅक्सीनं निघाली. गुरुवारच्या बायका मिळेल त्या कपड्यांत आल्या, आणि अत्तरासाठी ज्यांच्या दारात आम्ही गेलो होतो त्यांतल्याही आल्या. ग्रिलपासून लिफ्टपर्यंत अख्ख्या कॉरिडॉरमध्ये आम्ही रांगेनं उभ्या राहिलो. आतून मेधानं ग्रिलमधून हात बाहेर काढला, तो मी धरून ठेवला.

पोलिसांच्या आधी विवेक आला. त्यानं फोन केला होता आणि तिनं उचलला नव्हता, पहिल्यांदाच. लिफ्टमधून बाहेर पडला आणि बायकांना ढकलत पुढे यायला लागला. मारिसोलनं गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली. "सेन्योरा, तुमच्या लोकांसाठी तुम्हीच."

लहानपणी शिट्टी वाजवली म्हणून आईनं पाठीत धपाटा घातला होता. आज सगळा ब्लॉक दणाणेल अशी वाजवली. पटापट दारं उघडली. शेजारची मलय मावशी, माकचिक म्हणतात तिला, पीठ लागलेल्या हातांनी आली, पलीकडची चिनी आजी काठी टेकत आली. सगळ्या उभ्या राहिल्या.

विवेक थांबला. मग त्याच गोड आवाजात म्हणाला, "काकू, तुम्ही तर मला ओळखता."

"ओळखत होते," मी म्हटलं.

पोलीस आले. सार्जंट बाई होती, माझ्या खांद्याएवढी. तिनं फक्त ग्रिलकडे बोट दाखवलं. विवेकनं स्वतःच्या हातानं कुलूप उघडलं. मेधा श्रियाला घेऊन बाहेर आली आणि आमच्या रांगेतून, कुठेही न थांबता, लिफ्टपर्यंत चालत गेली. मान वर. मी खोटं लिहिणार नाही, मी हुंदके देत होते, पण अभिमानानं. माझ्या पोटची असती तरी याहून जास्त वाटलं नसतं.

पोलीस स्टेशनातून सगळ्याजणी आमच्याकडे आलो. सगळ्यांना चहा झाला. मेधा सोफ्यावर बसली. पर्स मांडीवर. मग तिनं ती उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.

मारिसोलनं माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघरात पळाले.

रविवार, ११ मार्च

मंडळातल्या दोघांचे फोन आले. घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलं, आपली नाचक्की झाली, यंदा गणपतीचं जेवण दुसऱ्या कोणी बघितलेलं बरं. मी काही बोलायच्या आत यांनी रिसीव्हर घेतला. "ठीक आहे. मग मी बघतो तो मंडळाचा हिशेबही दुसऱ्या कोणी बघितलेला बरा." आणि ठेवला. मग मला म्हणाले, "त्याच्या डोळ्यातलं पाणी बघून मी भुललो गं." त्यांचा हात धरून बसले थोडा वेळ. मग हेच म्हणाले, "मलाही अत्तर लाव."

गुरुवार, १९ एप्रिल

कोर्टाचा संरक्षण आदेश मिळाला. सरला प्रत्येक तारखेला रजा काढून मेधाबरोबर गेली. पासपोर्ट परत मिळाला. श्रिया आईकडेच राहणार. मेधा आता व्हॉइड डेकच्या खोलीत बसून नोकरीचे अर्ज करते. बी.कॉम. फर्स्ट क्लास आहे, हे आम्हाला आत्ता कळलं. आम्ही विचारलंच नव्हतं कधी.

गुरुवार, २८ जून

मारिसोल चालली. नवऱ्याची बदली झाली. आज खोलीत निरोप. पोळ्या मी केल्या, कारण त्यांच्या अजूनही गोल होत नाहीत.

तिनं गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. मी म्हटलं, अगं, आता हे सगळं कोण बघणार? मी तर फक्त घरोघर अत्तर लावते आणि संपलं की सांग म्हणते. सगळ्या खो खो हसायला लागल्या. सरला तर डोळे पुसायला लागली हसून हसून. मला कळलं नाही एवढं हसण्यासारखं काय होतं.

शिट्टी परत करायला गेले तर घेतली नाही. असो. कोणीतरी खंबीर बाई मिळेपर्यंत सांभाळते.

शनिवार, १५ सप्टेंबर

गणपती आले. मंडळाचे परवा फोनवर फोन, सुनेत्राताई, जेवणाचं तुम्हीच बघा. मी अट घातली: सरला आणि तिच्याकडच्या सगळ्यांना जेवणाचं आमंत्रण, आणि दारातच अत्तर लावायला मेधा. नवरा सोडलेली मेधा, सगळ्यांत पुढे. हो म्हणाले. नाही म्हणून सांगतात कोणाला?

मेधाला नोकरी लागली, एका छोट्या फर्ममध्ये अकाउंट्सची. नवा पास आला आहे. तिच्या स्वतःच्या नावावर. आल्या आल्या तिनं तो मला दाखवायला आणला. मी चष्मा शोधत बसले आणि श्रियानंच वाचून दाखवला.

गुरुवार, २० सप्टेंबर

घाईत लिहिते. अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून मेधा आमच्याकडे मोदक खात बसली होती, पर्स कुठेतरी चपलांपाशी टाकलेली. फोन वाजला. बाईचा आवाज, ओळखीचा नाही, अगदी दबका.

"काकू... अत्तर संपलं आहे."

पत्ता सांगितला. हात मागे घेतलेल्या बाईचं ते मोठं घर.

मी शिट्टी शोधायला लागले, माझ्या गळ्यातच होती. वळून बघते तर मेधानं मोदक खाली ठेवलेला, पर्स खांद्याला, पायात चपला, अत्तराची बाटली हातात.

"चला काकू," ती म्हणाली. "आज पुढे मी."